कागदी विमान वर जातं, थबकतं आणि नाकावर आपटतं : आधी काय तपासायचं

पुण्यात नवी पेठेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. आजूबाजूला सगळ्या अभ्यासिका, त्यामुळे दिवसभर राज्यव्यवस्था, चालू घडामोडी, मागच्या वर्षांचे पेपर यांच्याच कॉप्या निघत असतात आणि त्यातल्या बऱ्याच वाकड्या, फिक्या, कडेला कापलेल्या येतात. हे एकपाठी कागद मी खोक्यात टाकून ठेवतो. बिल्डिंगमधली पोरं ते विमानं करायला नेतात आणि सुट्टी लागली की दिवसातून चार-पाच वेळा तरी कोणीतरी येऊन काउंटरवर विमान ठेवतं, काका हे उडतच नाही.

बारा-तेरा वर्षं मी हीच तक्रार दुरुस्त करतोय. मी इंजिनियर नाही, पण एकच बिघाड इतक्यांदा हातात आला की माणूस थोडाफार मेकॅनिक होतोच ना. एक गोष्ट मी कायम बघतो, पोरं (आणि संध्याकाळी त्यांचे बाबा) दोनच उपाय करतात, एक म्हणजे अजून जोरात फेकायचं आणि ते चाललं नाही की चुरगाळून नवीन करायचं. नवीन विमानात तोच दोष परत येतो कारण घडी घालणारा हात तोच असतो. बहुतेक वेळा गडबड दोन मिलिमीटरची असते आणि ती मागच्या कडेला असते, जिकडे कोणी बघतच नाही, सगळ्यांचं लक्ष नाकाकडे. म्हणून चुरगाळायच्या आधी खालच्या क्रमाने जा. वरच्या गोष्टी फुकट आहेत आणि मिनिटभराच्या आहेत, खाली जाल तसा वेळ जास्त लागेल.

लक्षणं

आधी विमान तीनदा फेका, तिन्ही वेळा सारखंच. एकदा बघून काही सांगता येत नाही, एकदा तर कुठलंही विमान आपटतं. तिन्ही वेळा तेच झालं तर तो दोष, तीन वेळा तीन प्रकार झाले तर हाताचा किंवा हवेचा दोष.

सगळ्यात जास्त येणारी तक्रार शीर्षकातलीच, म्हणजे वर चढतं, हवेत क्षणभर थबकतं, मग नाक टाकून खाली. याचाच सौम्य भाऊ म्हणजे लाटांसारखं जाणं, वर-खाली वर-खाली, समुद्रातल्या होडीसारखं. दुसरं लक्षण एकदम उलटं, हातातून सुटल्या सुटल्या थेट फरशीत घुसतं. तिसरं, दर वेळी एकाच बाजूला वळून भिंतीला धडकतं. चौथं, हवेतच उताणं होतं किंवा गिरक्या घेत पडतं. आणि पाचवी तक्रार ही खास जून-जुलैतली, "काका काल हेच विमान मस्त उडत होतं, आज काय झालं काय माहीत".

पंखा बंद करा

हसू नका. पुण्यातल्या फ्लॅटमधल्या हॉलमध्ये जी विमानं पडतात त्यातली कितीतरी छताच्या पंख्यामुळे पडतात. पंखा हवा खाली ढकलतो, ती फरशीवर आपटून चारी बाजूला पसरते आणि भिंतींपाशी परत वर चढते. म्हणजे विमान खोलीच्या मधोमध आलं की वरून दाबलं जातं आणि भिंतीजवळ गेलं की उचललं जातं, आता यात विमानाची काय चूक. तेच विमान पॅसेजमध्ये जिथे पंखा नाही तिथे फेकून बघा, सरळ गेलं तर काम संपलं, पुढचं वाचायची गरज नाही.

बाहेर असाल तर पेठेतल्या बोळात टेस्टिंग करूच नका. दोन बिल्डिंगांच्या फटीतून वारा असा जोरात शिरतो की पाच ग्रॅमची वस्तू तिथे सरळ जाणंच शक्य नाही. नदीपात्रातही तेच, संध्याकाळी तर नाहीच. मोकळं मैदान आणि सकाळी आठच्या आतली वेळ, तेव्हा हवा स्थिर असते. दुपारच्या उन्हात जमीन तापते आणि हवेचे झोत वर यायला लागतात, अशा झोतात सापडलं की एखादं फालतू विमानही मिनिटभर वर राहतं आणि पोरगं समजतं आपल्याला जमलं. दुसऱ्या दिवशी ते येतं रडत.

फेकणं

दुसरा फुकटचा चेक. क्रिकेटमध्ये डीपवरून विकेटकीपरकडे थ्रो मारतात तसं विमान मारू नका. खांद्याच्या उंचीवर धरा, नाक समोर किंवा अगदी किंचित खाली, आणि पुढे ढकलून सोडून द्या, जणू एका न दिसणाऱ्या टेबलावरून सरकवताय. मनगटाचा झटका द्यायचा नाही. धरायचं तेही शेपटीला नाही, खालची जी घडी असते ती साधारण मध्याच्या थोडं पुढे चिमटीत, शेपूट धरलं तर सोडताना नाक डगमगतं.

कारण सांगतो. वेग दुप्पट केला की हवेचा अडथळा चौपट होतो आणि पंखाला वर उचलणारी ताकदसुद्धा चौपट होते. प्रत्येक विमानाचा आपला एक वेग असतो ज्यात ते शांतपणे घसरत जातं. त्यापेक्षा जोरात फेकलं की जादाची उचल त्याला वर घेऊन जाते, वर जाताना वेग संपतो, वेग संपला की पंखावरची हवा सुटते आणि विमान दगड होतं. याला स्टॉल म्हणतात. म्हणजे ज्याला तुम्ही "जोर कमी पडला" म्हणताय ते कित्येकदा जोर जास्त झाल्यामुळेच होतंय. अर्ध्या जोराने फेकून बघा. आमच्याकडे एक चौथीतला पोरगा आहे, चांगला दणकट, त्याचं विमान नेहमी कोलांटी मारायचं आणि त्याच्या पहिलीतल्या बहिणीने तेच विमान फेकलं की बोळाच्या टोकापर्यंत जायचं, पोरगं इतकं चिडायचं की विचारू नका.

आता कोणीतरी म्हणेल मग रेकॉर्डवाले एवढ्या जोरात कसे फेकतात. २०१२ साली जॉन कॉलिन्स नावाच्या अमेरिकन माणसाने बनवलेलं विमान ६९.१४ मीटर गेलं, पण ते त्याने स्वतः नाही फेकलं, जो अयूब नावाच्या माजी क्वार्टरबॅककडून, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये हाताने चेंडू लांब फेकणाऱ्या खेळाडूकडून, फेकून घेतलं. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्याच तीन इंजिनियर पोरांनी ते ८८.३१८ मीटरवर नेलं. ही विमानं तो जोर सहन करायला बनवलेली असतात, घड्या दगडासारख्या घट्ट, कडा मोजून मारलेल्या. आपलं विमान चालू घडामोडींच्या कागदाचं आहे, आपण अर्ध्या जोरातच सुरू करू.

समोरून बघा

विमान डोळ्यांसमोर धरा, नाक आपल्याकडे, एक डोळा मिटून. आता दोन्ही पंख सारखे दिसतात का, एक जाड एक बारीक, एक वर एक खाली असं काही? आणि दोन्ही पंख मिळून इंग्रजी वाय अक्षर दिसतंय का, म्हणजे टोकं बुडापेक्षा थोडी वर?

हा वाय फार महत्त्वाचा आहे. विमान हवेत डावीकडे कललं की ते डावीकडेच घसरायला लागतं. पंख वर उचललेले असतील तर घसरताना डाव्या पंखाला हवा खालून जास्त लागते, तो वर ढकलला जातो आणि विमान आपोआप सरळ होतं. पंख खाली झुकलेले असतील तर नेमकं उलटं, कललेलं विमान अजून कलतं आणि उताणं पडतं. चौथं लक्षण, गिरक्या आणि उताणं होणं, हे जवळजवळ नेहमी इथलंच.

आणि इथे एक फसवणूक आहे जी मला स्वतःला कळायला दोन उन्हाळे लागले. हातात धरलेलं असताना वाय छान दिसतो. पण चिमटी सोडली की खालची घडी, विमानाचं पोट म्हणा हवं तर, ते उघडतं, कारण कागदाला परत सपाट व्हायचंच असतं. पोट उघडलं की त्याच्या दोन्ही बाजू बाहेर झुकतात आणि त्यांच्यासोबत पंखांची टोकं खाली येतात. म्हणजे हातात वाय, हवेत उलटा. त्यामुळे विमान टेबलाच्या कडेला दोन बोटांवर हलकंच ठेवून, चिमटीत न धरता बघा, खरा आकार तेव्हा दिसतो. उपाय सोपा आहे, पंख हातात असताना गरजेपेक्षा थोडे जास्तच वर घ्या, किंवा वरच्या बाजूने दोन्ही पंखांना जोडणारा सेलोटेपचा बारकासा तुकडा लावा, नखाएवढा. शाळेच्या स्पर्धेत टेप चालत नसेल तर पहिला उपाय.

मागची कड

आता मुख्य जागा. शीर्षकातली तक्रार आणि फरशीत घुसण्याची तक्रार, दोन्हीचा निकाल इथे लागतो.

पंखाची मागची कड अगदी थोडी वर वळवली की तिथे हवा लागून शेपूट खाली दाबली जाते, शेपूट खाली म्हणजे नाक वर. खाली वळवली की नाक खाली. एवढंच. विमान फरशीत घुसत असेल तर दोन्ही पंखांच्या मागच्या कडा दोन मिलिमीटर वर घ्या, घडी घालायची नाही, बोटांनी नुसता बाक द्यायचा, कुरकुरीत घडी घातली तर परत मागे घेता येत नाही. वर जाऊन थबकत असेल तर बाक आधीच जास्त आहे, कमी करा. एका वेळी थोडंसंच, आणि प्रत्येक वेळी परत तीनदा फेकून बघा. पोरं इथे घाई करतात, कडही वाकवतात, नाकालाही क्लिप लावतात आणि फेकायचा जोरही बदलतात, मग उडालं तरी कशामुळे उडालं ते कळत नाही आणि पडलं तरी तेच.

पूर्ण सपाट मागच्या कडेचं विमान सहसा नीट उडत नाही, हे बऱ्याच जणांना पटत नाही. विमान बरोबर बनवलं असेल तर ते नाकाकडे थोडं जड असतं, म्हणजे स्वतःहून खाली जायला बघतं, आणि शेपटीचा बाक त्याला वर धरून ठेवतो. वेग वाढला की बाकावर हवा जास्त, नाक वर, मग वेग कमी होतो, बाकावर हवा कमी, नाक खाली, मग वेग परत वाढतो. हे आपोआप चालतं आणि यामुळेच विमान हवेत स्वतःला सांभाळतं. हेच वर-खाली प्रमाणाबाहेर गेलं की ते होडीवालं लक्षण.

एका बाजूला वळतंय

लहानपणी पतंग एका बाजूला झुकला की आम्ही दुसऱ्या टोकाला चिंधी नाहीतर दोऱ्याचा गुंता बांधायचो, तोच विचार. विमानाला वजन लावायची गरज नाही, कडेनेच काम होतं. लक्षात ठेवायला सोपं : ज्या बाजूला न्यायचंय त्या बाजूच्या पंखाची मागची कड किंचित वर. डावीकडे पळतंय, तर उजव्या पंखाची कड वर. त्याने उजवा पंख थोडा दबतो आणि डावीकडचं वळण कमी होतं. हे केल्यावर विमान नाक वर करायला लागलं तर डाव्या पंखाची कड तेवढीच खाली आणा.

पण हे करण्याआधी बघा की मुळात एक पंख मोठा तर नाही ना झाला. तो झाला असेल तर कडा वाकवून तात्पुरतं भागतं, पक्कं काम नाही, ते खाली घडीच्या मुद्द्यात.

तोल

विमान बोटाच्या टोकावर आडवं ठेवून ते कुठे तोललं जातं ते शोधा आणि तिथे पेन्सिलने खूण करा. निमुळत्या बाणासारख्या विमानात ही खूण लांबीच्या मध्याच्या थोडी पुढे, नाकाकडे यायला हवी. मागे आली तर विमान कधीच सरळ जाणार नाही, कडा कितीही वाकवा.

एक प्रयोग पोरांना मी नेहमी करून दाखवतो. पुठ्ठ्याचा साधा त्रिकोण कापा आणि टोक पुढे करून फेका, तो लगेच उलटापालटा होतो. सपाट त्रिकोणाचा तोल टोकापासून दोन-तृतीयांश अंतरावर असतो, आणि हवा त्याला उचलते ती साधारण मध्यावर. वजन मागे आणि उचल पुढे, मग नाक वर जाऊन कोलांटी होणारच. आता विमान करताना आपण पुढचे कोपरे परत परत आत दुमडतो ते कशासाठी, सुंदर दिसतं म्हणून नाही, कागदाचे थर नाकाकडे साठवून तोल पुढे आणायला. म्हणजे "एक घडी विसरलो तर काय होतंय" याचं उत्तर हेच आहे, एक घडी म्हणजे नाकातलं वजन गेलं.

तोल मागे असेल तर स्वस्तातला उपाय म्हणजे नाकाजवळ स्टेपलरची एक पिन. त्याने भागलं नाही तर यू-क्लिप, पण जपून. ए-फोर कागद जवळजवळ एक चौरस मीटरचा सोळावा भाग असतो, त्यामुळे ७५ जीएसएमच्या (म्हणजे एका चौरस मीटरला ७५ ग्रॅम) एका कागदाचं वजन साधारण ४.७ ग्रॅम आणि ८० जीएसएमचं ५ ग्रॅम. बारकी यू-क्लिपच अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे विमानाच्या एक-दशांश. अख्खी क्लिप लावून मग "आता तर डायरेक्ट खाली जातंय" म्हणून येऊ नका.

कागद

हा माझा विषय आहे त्यामुळे इथे जरा जास्त बोलणार.

कागद हवेतला दमटपणा पितो. पुण्यात एप्रिल-मेमध्ये दुपारी हवा इतकी कोरडी असते की घडी कटकन बसते आणि पंख ताठ राहतात. तोच रीम जुलैत उघडा ठेवला की दोन दिवसांत पापडासारखा सादळतो. मशीनमध्ये जॅम व्हायला लागतात, आणि त्याच आठवड्यात पोरं यायला लागतात की कालचं विमान आज का पडतंय. घड्या सुटलेल्या असतात, पोट उघडलेलं असतं, मागच्या कडेचा बाक मावळलेला असतो. काल तुम्ही जे सेट केलं होतं ते रात्रीत पुसलं गेलंय, बस. पावसाळ्यात विमानं पुस्तकात दाबून आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, आणि फेकायच्या आधी कडा परत तपासा.

इथे लोक म्हणतात की दमट हवा जड असते म्हणून विमान उडत नाही. उलट आहे, पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, त्यामुळे दमट हवा किंचित हलकीच. हवेचा काही दोष नाही, कागदाचा आहे. असंच एकदा कॉप्यांची वाट बघत उभ्या असलेल्या एका अभ्यासिकेतल्या मुलाने मला समजावलं होतं की पुणे उंचावर आहे, हवा विरळ, म्हणून इथे विमानं पडतात आणि मुंबईत उडतात. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथली हवा मुंबईपेक्षा पाचेक टक्के विरळ असते हे खरं, पण त्याचा परिणाम एवढाच की विमान जरासं वेगाने घसरतं, पडत वगैरे नाही. भूगोल त्याचा पक्का होता, विमान मात्र त्याचं एकाच बाजूला जात होतं, वर सांगितलंय तो उपाय करून दिला.

दुसरं म्हणजे बाक आलेला कागद. झेरॉक्स मशीनमधून कागद तापलेल्या रोलरमधून जातो, बाहेर येताना गरम आणि किंचित गोलाई घेऊन येतो. त्याचं विमान लगेच केलं तर ती गोलाई पंखात उतरते, शेपटीकडे वर आली तर थबकणार, खाली आली तर घुसणार. एकपाठी कागद घेतलात तर रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवा. घाई असेल तर टेबलाच्या कडेवरून उलट्या बाजूने एकदा हलकेच ओढून घ्या.

जाडी. वहीचा कागद पातळ आणि मऊ, त्याचं विमान घरात हळू उडवायला ठीक पण जोरात फेकलं की पंख थरथरतात. साधा ७०-७५ जीएसएम सगळ्यात सोयीचा. रेकॉर्डच्या नियमात कमाल १०० जीएसएमपर्यंत कागद चालतो आणि लांब फेकायला जड कागद बरा पडतो कारण तो वेग टिकवून ठेवतो, पण त्याच्या घड्या लहान पोरांच्या बोटांना झेपत नाहीत. वर्तमानपत्राचं विमान करू नका, ते विमान नाही, रुमाल आहे. मासिकाचा गुळगुळीत कागदही नको, जड असतो आणि घडीवर तडकतो.

आणि तंतूंची दिशा, जी कोणालाच माहीत नसते. कागद तयार होताना त्याचे तंतू बहुतांशी एकाच दिशेने बसतात. त्या दिशेला समांतर घडी सरळ आणि धारदार येते, आडवी घातली की थोडी भुसभुशीत. ए-फोरच्या बहुतेक रीममध्ये तंतू लांब बाजूने असतात, म्हणून मधली उभी घडी छान बसते. पण ए-थ्री मधोमध कापून ए-फोर केलेला असेल तर तंतू बहुतेकदा आडवे येतात. ओळखायचं कसं, एक टाकाऊ कागद दोन्ही दिशांना फाडून बघा, ज्या दिशेने सरळ फाटतो ती तंतूंची दिशा. एवढं करून फरक खूप मोठा पडतो असं नाही, पण बाकी सगळं करून झालं असेल तर हे करा.

नव्याने घडी

इथपर्यंत येऊनही विमान ऐकत नसेल तर आता नवीन करा, पण यावेळी वेगळ्या पद्धतीने. टेबलावर करा, मांडीवर नाही. मधली घडी घालताना कोपऱ्यावर कोपरा बसवून, उजेडाकडे धरून खात्री करून मगच दाबायची, कारण पहिली घडी एक मिलिमीटर चुकली की पुढची प्रत्येक घडी ती चूक वाढवत नेते. दाबायला नख नाही, स्केलची कड किंवा पेनचं टोपण. दोन्ही पंख एकत्र दुमडायचे नाहीत, एक दुमडा, उलटा करा, आणि पहिल्यावर बरोबर ठेवून दुसरा. नाकाचं टोक फार टोकदार आलं तर सेंटीमीटरभर आत दुमडून टाका, तोल पुढे येतो आणि कोणाच्या डोळ्यात जाण्याची भीतीही कमी होते.

मॉडेलच चुकीचं असेल तर

कधीकधी विमानात काहीच बिघाड नसतो, अपेक्षेत असतो. निमुळता बाण वेगाने आणि सरळ जातो, पण हवेत जास्त वेळ राहत नाही. रुंद पंखांचं विमान हळू तरंगतं, पण जोरात फेकलं की वेडंवाकडं होतं. जपानच्या ताकुओ तोदाने २०१० मध्ये कागदी विमान २९.२ सेकंद हवेत ठेवलं होतं, आणि ते अंतराच्या रेकॉर्डवाल्यांच्या विमानापेक्षा अगदी वेगळ्या जातीचं होतं. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर विंचने ओढून सोडलेली ग्लायडर कधी बघितली असतील तर तिचे पंख आठवा, लांबच लांब आणि बारीक. कागदात तेवढे लांब पंख ताठ राहू शकत नाहीत, म्हणून मध्येच कुठेतरी तडजोड करावी लागते. स्पर्धा अंतराची आहे का वेळेची, हे विचारल्याशिवाय मी आता कोणाचं विमान हातातच घेत नाही.

कधी थांबायचं

एकाच विमानावर वीस मिनिटं गेली आणि कडा वाकवून वाकवून कागद मऊ पडला, की सोडून द्या. मऊ पडलेली कड काहीच धरून ठेवत नाही.

विमान कौलांवर, छज्जावर किंवा पाण्याच्या टाकीच्या मागे अडकलं तर गेलं. एका कागदासाठी कौलावर चढायचं नाही आणि पोराला तर अजिबात चढवायचं नाही. विजेच्या तारेवर किंवा डीपीच्या कुंपणात गेलं तर काठी, झाडू, ॲल्युमिनियमची पट्टी काहीही घालायचं नाही, तारेवर काही लोंबकळत असेल तर महावितरणला फोन करा, ते त्यांचं काम आहे. विमान छताच्या पंख्यात जाऊन पंखा डगमगायला लागला तर इलेक्ट्रिशियन बोलवा, स्टुलावर चढून पाती सरळ करत बसू नका. आणि टोक डोळ्यात लागलं तर चोळायचं नाही, घरातले ड्रॉप टाकायचे नाहीत, थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

उडवण्याच्या बाबतीतही एक जागा अशी येते जिथे माझ्यासारख्याचं डोकं चालत नाही. पोरगं विचारायला लागलं की बाल्साच्या लाकडाचं करू का, रबर लावून पंखा फिरवू का, मोटर बसवू का, तर झेरॉक्सवाल्याला विचारू नका, एरोमॉडेलिंग शिकवणाऱ्याला गाठा. कॉलेजात एनसीसीची एअर विंग असेल तर तिथे हे शिकवतात. आणि अजून लहान असेल, नुसतं हाताने करून बघायची आवड असेल, तर अरविंद गुप्तांनी पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बसून टाकाऊ वस्तूंची जी शेकडो खेळणी केली ती नेटवर फुकट बघायला मिळतात, मराठीतही आहेत.

दुकानातलं खोकं काउंटरच्या डाव्या हाताला खाली आहे, विचारायची गरज नाही, दहा-वीस कागद घेऊन जा. त्यात फक्त नोट्स आणि प्रश्नपत्रिका असतात. आधार कार्ड आणि मार्कशीटच्या बिघडलेल्या कॉप्या मी त्यात टाकत नाही, त्या फाडूनच टाकतो, मागे एकदा कोणाचं तरी दहावीचं मार्कशीट शेजारच्या गॅलरीत लँड झालं होतं.